१३ सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये विमानतळाच्या बॅगा कुठे बसवायच्या? मागची रांग काढावी का?

खारघरकर (प्रश्न)

गाडी एसी टेम्पो ट्रॅव्हलर, डिझेल, व्हीलबेस (पुढच्या ते मागच्या एक्सलचं अंतर) ३३५० मिमी. ड्रायव्हर सोडून १३ सीट: १+२ च्या तीन रांगा आणि शेवटी ४ ची सलग रांग. काम ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर इथून उलव्याच्या (नवी मुंबई) विमानतळावर प्रवासी नेण्या-आणण्याचं.

टेपने घेतलेली मापं:
- आतली रुंदी, फ्लोअरजवळ: १६५० मिमी
- शेवटच्या सीटची पाठ ते मागचं दार: २८० मिमी
- शेवटची रांग काढली तर: १०६० मिमी
- मागच्या दाराची मोकळी चौकट: १२५० रुंद, १५०० उंच
- मागच्या एक्सलचा मध्य ते मागचं दार: साधारण ११५० मिमी

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, टपावर कॅरियर. दोन, २८० च्या गाळ्यात फळ्या टाकून रॅक. तीन, शेवटची रांग काढून ९ सीट ठेवायच्या आणि मागे पूर्ण सामानाची खोली करायची. किती लिटर जागा लागेल आणि पाइप-पत्रा कोणता वापरावा, हे हवंय. फॅब्रिकेटर म्हणतो, "२५ बाय २५ चा पाइप टाकून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा."

---

मापटेप

लिटर आधी विसरा. कारच्या ब्रोशरमध्ये डिकीचे जे लिटर छापतात, ते २००×१००×५० मिमीचे एक-एक लिटरचे ठोकळे कानाकोपऱ्यात भरून मोजलेले असतात. सूटकेस काही ठोकळ्यांत मोडत नाही. तुमच्या २८० च्या गाळ्याचंच बघा. १६५० रुंद, २८० खोल, १२०० उंचीपर्यंत भरला तर ५५४ लिटर. कागदावर चार मोठ्या बॅगा आरामात. प्रत्यक्षात २८ इंची बॅग चाकांसकट ७७×५२×३१ सेंमी असते. सगळ्यात लहान बाजू ३१० मिमी, गाळा २८०. म्हणजे ३० मिमीने एकही मोठी बॅग बसत नाही. बसतील त्या फक्त केबिन बॅगा (५५×३५×२५), चारच्या दोन थरांत आठ. पर्याय दोन इथेच बाद. सीट ३० मिमी पुढे सरकवू म्हणाल, तर सीटचं अँकरेज, म्हणजे ती फ्लोअरला जिथे बोल्टने धरलेली असते ती जागा, मंजूर आराखड्यानुसार असतं, ते हलवायचं नाही.

पर्याय तीन धरून हिशोब करू. बॅगा उभ्या, म्हणजे चाकांवर ठेवल्या, तर तीन खोल आणि तीन रुंद अशा नऊ बसतात (९३०×१५६०). पण चाकांवरची बॅग पहिल्या ब्रेकला निघते, आणि आतली काढायला बाहेरच्या दोन काढाव्या लागतात. त्यापेक्षा बॅगा लांब कडेवर आडव्या करा. शेल्फवर पुस्तकं लावतो तशा, हँडल दाराकडे आणि चाकं आत. मग एका बॅगेला ३१० रुंदी, ५२० उंची आणि ७७० खोली लागते. रॅकची खोली ८२० ठेवा. १०६० मधले उरलेले २४० मिमी तिसऱ्या रांगेच्या सीटची पाठ मागे झुकवायला द्या, प्रवासी दुवा देतील.

तीन मजले करा:
- खाली थेट फ्लोअरवर २८ इंची पाच. मोकळी उंची ५५०.
- मध्ये २४ इंची (६६×४५×२८) पाच. मोकळी उंची ४८०.
- वर केबिन बॅगा कडेवर, २५० रुंद आणि ३५० उंच, सहा. मोकळी उंची ३९०.

दोन फळ्यांची जाडी ४०-४० धरली तर बेरीज बरोबर १५०० येते, म्हणजे तुमच्या दाराच्या चौकटीएवढी. त्याच्या वर चढवू नका. टपाखालच्या एसीच्या रिटर्न (हवा परत ओढणाऱ्या) जाळीला बॅग टेकली की पुढच्या रांगेतले लोक "एसी वाढवा" म्हणत बसतात आणि कॉम्प्रेसर उगाच राबतो.

एक इशारा. पाच बॅगांना १५५० लागतात आणि साइडचे पाइप सोडून १६०० उरतात. एक्स्पांडरची (बॅग फुगवून जागा वाढवणारी) चेन उघडलेली बॅग ४०-५० मिमी फुगते. अशा दोन आल्या की पाचवी बसणार नाही. बुकिंग घेताना नऊ माणसांना नऊ चेक-इन बॅगा एवढंच सांगा, दहावी जागा फुगवट्याला राहू द्या.

---

रबाळे_वेल्ड

मापटेपचा आराखडा चांगला आहे, पण दार विसरलात साहेब. आत १६५० आहे, चौकट १२५० आहे. म्हणजे दोन्ही कडांना २००-२०० मिमी पिलरच्या (दाराशेजारच्या खांबाच्या) आड. कडेच्या ३१० च्या बॅगेतला फक्त ११० दारातून दिसणार. ती सरळ ओढता येत नाही, आधी मधली काढायची, मग कडेची सरकवून बाहेर. म्हणून दाराच्या बाजूला रॅकमध्ये एकही उभा पाइप किंवा खण नको. खण पाडले की कडेचे दोन गाळे कायमचे मेले.

दुसरं, २५×२५ च्या पाइपबद्दल. १.६ मिमी जाडीचा २५×२५ चौकोनी पाइप १६०० च्या गाळ्यावर आडवा टाकला आणि मधल्या फळीवर पाच बॅगा मिळून ११५ किलो आले, तर पुढच्या-मागच्या पाइपवर प्रत्येकी ५७ किलो. गाडी उभी असतानाच मध्ये ११ मिमी झोळ पडतो. खड्ड्यात हे वजन सहज दुप्पट-अडीचपट होतं, तेव्हा पाइपवरचा ताण त्याच्या सहनशक्तीच्या पुढे जातो आणि झोळ कायमचा राहतो. खालच्या मजल्याला ५५० पैकी ५३० उरले की ५२० ची बॅग अडकायला लागते, मग ड्रायव्हर पायाने ढकलतो. आडव्यांना ४०×२५×२ घ्या, ४० ची बाजू उभी. झोळ ३ मिमीच्या आत राहतो. फक्त साइडच्या शिड्या (डाव्या-उजव्या उभ्या चौकटी) २५×२५×१.६ मध्ये चालतील.

करायचा क्रम:

१. आधी खोकी. २८ इंची टीव्ही येतो तसलं जाड पुठ्ठ्याचं काही कापून ७७×५२×३१ ची दोन खोकी चिकटवा आणि चाकांच्या बाजूला मार्करने खूण करा. सीट काढायच्या आधी ती दारातून आत-बाहेर करून बघा. पिलरचा रबर, दाराचा गॅस स्ट्रट, सीटबेल्टचा रीळ यांतलं काहीतरी हमखास आड येतं.

२. १६०० ची वेल्ड केलेली आख्खी चौकट १२५० च्या दारातून आत जात नाही. साइडच्या दोन शिड्या बाहेर वेल्ड करा, आडवे पाइप सुटे आत न्या आणि एम८ (८ मिमी) च्या ८.८ ग्रेड बोल्टने नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट लावून जोडा. आत वेल्डिंग करू नका. फोम, वायरिंग आणि सीटचं रेक्झिन शेजारी असतं. करावंच लागलं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून, ईसीयूचा (इंजिनच्या कंट्रोल युनिटचा) कपलर सोडून.

३. फ्लोअरला भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. ब्रेक पाइप, डिझेल लाइन, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कुठून जातो त्यावर खडूने खूण करा. ड्रिलला स्टॉपर लावा.

४. प्रत्येक भोकाला खालून ६०×६०×४ ची प्लेट. अपघातात एम८ चा बोल्ट सहसा तुटत नाही, त्याची ताकद दोन टनांच्या आसपास असते. फाटतो तो फ्लोअरचा पत्रा, आणि वॉशरसकट बोल्ट वर येतो. जमेल तिथे प्लेट क्रॉस मेंबरच्या (फ्लोअरखालच्या आडव्या तुळईच्या) शेजारी घ्या. काढलेल्या सीटची मूळ भोकं जुळत असतील तर पहिली पसंती त्यांना.

५. फळी १२ मिमी, आयएस ७१० ची मरीन प्लाय. पाइपच्या आतल्या बाजूला अँगलचे तुकडे लावून फळी पाइपच्या वरच्या पातळीत बसवा, म्हणजे मजल्याची जाडी ४० च राहते. प्लायच्या कापलेल्या चारही कडांना पॉलिश किंवा पीयू सीलर मारा. पावसाळ्यात ओल्या बॅगा आल्या की प्लाय कडेनेच फुगते.

६. पुढच्या बाजूला, म्हणजे प्रवाशांच्या पाठीमागे, ५०×५० ची वेल्ड मेश पूर्ण उंचीची. इथे मध्ये दोन उभे पाइप बिनधास्त घ्या, या बाजूने बॅग काढायची नाहीये.

७. झिंक प्रायमर, मग पेंट. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिक कॅपने बंद करा. उलवे-बेलापूरच्या खाडीच्या हवेत उघडा पाइप आतून गंजतो, आणि ते कळतं तेव्हा बोट घुसतं. खालच्या पाइपला तळाशी ६ मिमीचं एक भोक ठेवा, पाणी बाहेर पडू द्या.

पाइप, प्लाय आणि जाळी मिळून ७० किलोच्या आसपास जाईल. आणि हो, दोन दिवसांत होत नाही. पेंट वाळायलाच एक दिवस जातो.

---

खारघरकर

पिलरची गोष्ट माझ्याही लक्षात नव्हती आली. मग टपाचा कॅरियर पूर्ण सोडायचा का? आणि मागे एवढं वजन टाकून स्टीअरिंग हलकं होणार नाही ना?

---

मापटेप

वजनाचा हिशोब सोपा आहे. मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढचं एक्सल उचलतं. वजन गुणिले अंतर भागिले व्हीलबेस, तेवढे किलो पुढून कमी होतात.

तुमचा रॅक दाराला लागून आहे, मध्य एक्सलपासून ०.७ मीटर मागे. सामान २७० आणि रॅक ७०, एकूण ३४०. ३४० × ०.७ ÷ ३.३५ = ७१ किलो पुढून कमी. आता आज काय आहे ते बघा. त्याच जागी चार माणसं आणि सीट मिळून जवळपास तेवढंच वजन आहे, मध्य ०.५५ वर. त्याने ५५ किलो कमी होतात. फरक १६ किलोचा, स्टीअरिंगला कळणारही नाही. मागच्या दाराबाहेर लोखंडी कॅरियर लटकवला असता तर तेच २७० किलो १.५ मीटरवर गेले असते, पुढून १२१ किलो कमी आणि मागच्या एक्सलवर ३९१ ची भर.

टपाबद्दल. भरलेली गाडी ३५०० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून ०.९५ मीटरवर धरा. टपावर २.७ मीटर उंचीवर २७० किलो ठेवले की गुरुत्वमध्य १२ सेंमीने वर जातो. मुंब्रा बायपासच्या वळणांवर किंवा गायमुखच्या उतारावर हे बारा सेंमी जाणवतात. शिवाय पावसात ताडपत्री, दर वेळी शिडी, आणि २३ किलोची बॅग डोक्यावरून उचलणारा माणूस. आतली जागा मिळत असताना टपावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बांधण्याचं. रस्त्यावरचं सामान बांधताना पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट जोर धरायची युरोपीय पद्धत आहे. २७० किलोला पुढे २१६ किलोचा दाब येतो, जाळी आणि दोन उभे पाइप तो सहज घेतात. अपघाताचं गणित वेगळं. युरोपच्या आर-१७ नियमात कारच्या मागच्या सीटची पाठ तपासताना ३०० मिमीचे, १८-१८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून ५० किमी वेगाचा धक्का देतात, साधारण २० पट गुरुत्वाचा. त्या मानाने तुमच्या २३ किलोच्या एका बॅगेचा जोर ४६० किलो. फॅब्रिकेटरची कुठलीही जाळी या परीक्षेतून गेलेली नसते. म्हणून जड बॅगा खालीच, फ्लोअरला टेकून आणि जाळीला पूर्ण भिडलेल्या. मध्ये फट राहिली की बॅग आधी वेग घेते आणि मग आदळते.

---

पासिंगवाला

लोखंड कापायच्या आधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीत जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. १३ च्या ९ सीट म्हणजे नेमका तोच बदल. जिथे नोंदणी आहे तिथल्या आरटीओकडे अर्ज (एमएच-४३ वाशी, एमएच-४६ पनवेल, एमएच-०४ ठाणे), मग तपासणी, मग नोंद. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं लेखी संमतीपत्र. विमा कंपनीला सीटसंख्या कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा काढतात. परमिटवरही सीट लिहिलेल्या असतात, ते विसरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या दारावर आतून काय लिहिलंय?

---

खारघरकर

आत्ताच जाऊन बघितलं. लाल अक्षरांत "आपत्कालीन दार". बाजूला काचेवर हातोडीही आहे.

---

पासिंगवाला

मग पूर्ण रुंदीचा रॅक तिथे लावताच येत नाही. मंजूर आराखड्यात ते दार माणसं बाहेर काढायचं आहे आणि तुम्ही त्यापुढे लोखंडी जाळी उभी करताय. उद्या पुढे आग लागली तर नऊ जण त्या जाळीला धरून उभे राहतील. हातोडीची खिडकी आहे म्हणून दार अडवायला मोकळीक मिळत नाही.

रस्ते दोन. पहिला, गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे याच व्हीलबेसचा कमी सीटचा, मागे सामानाची जागा असलेला मंजूर आराखडा आहे का ते लेखी विचारा. असेल तर त्यात आपत्कालीन मार्ग दुसरीकडे दाखवलेला असतो, आणि त्या आराखड्याप्रमाणे बदल करून नोंद घेणं त्यातल्या त्यात सोपं. दुसरा, अर्धा रॅक. डावीकडे रॅक आणि उजवीकडून दारापर्यंत सरळ मोकळी वाट. वाट किती हवी हे निरीक्षकाला चित्र दाखवून आधी ठरवा, नंतर नाही. चित्रावर मापं मिलिमीटरमध्ये लिहा.

---

रबाळे_वेल्ड

अर्धा रॅक करायचा तर दाराची चौकट मधोमध धरून सांगतो. डाव्या भिंतीपासून आत १००० चा रॅक घेतला तर खाली ३, मध्ये ३, वर केबिन ३. चौकटीतले ८०० रॅकमागे जातात, वाट ४५० ची उरते. माझ्या मते ती अरुंद आहे. रॅक ७०० वर आणला तर वाट ७५० ची, पण बॅगा २+२ आणि केबिन २. नऊ प्रवाशांना चार मोठ्या बॅगा पुरणार नाहीत. म्हणून आधी कंपनीच्या आराखड्याची चौकशी, हा पासिंगवाल्यांचा पहिला रस्ताच धरा. अर्धा रॅक केलाच तर वाटेच्या बाजूला खालपासून वरपर्यंत पत्रा किंवा जाळी लावा. नाहीतर बॅगा वाटेत कोसळतात आणि वाट कागदावरच राहते. ड्रायव्हरला सवय लागते ती वेगळीच: मोकळी जागा दिसली की तिथे बॅग.

---

घोडबंदर_रोज

रॅक कुठलाही करा, रोजच्या वापरातल्या चार गोष्टी आधीच धरा.

फळ्यांना पुढच्या बाजूला, म्हणजे जाळीकडे, २५-३० मिमीचा उतार द्या. बॅग स्वतःच जाळीला टेकून राहते. उतार नसेल तर चढावर उभ्या गाडीचं दार उघडलं की पहिली बॅग पायावर येते. दाराच्या कडेला पट्टी ३० मिमीपेक्षा उंच नको, जड बॅग तिच्यावरून उचलताना कमरेला झटका बसतो.

मधल्या मजल्याची उंची रस्त्यावरून मोजा. दाराचा उंबरा रस्त्यापासून ६५०-७०० असेल तर मधली फळी १२५० च्या पुढे जाते, म्हणजे छातीच्या उंचीला. तिथे १५ किलोच्याच बॅगा. आंतरराष्ट्रीय प्रवाशाच्या २३ किलोच्या सगळ्या खाली. मजल्यांच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवा, खाली लाल, मध्ये पिवळी. नवा ड्रायव्हरही चुकत नाही.

दाराच्या बाजूला प्रत्येक मजल्याला एक आडवा पट्टा: २५ मिमी पॉलिएस्टर, कॅम बकलचा (हाताने ओढून घट्ट करायचा). रॅचेट (दांड्याने आवळायचा) नको. रॅचेटने ड्रायव्हर कचकचून आवळतो आणि पॉलिकार्बोनेटच्या बॅगेला तडा जातो, मग भरपाईचं भांडण. बॅगांचा भार दाराच्या लॅचवर कधीच येऊ देऊ नका.

चार ठिकाणी उतरायचं असेल तर पिलरआडच्या कडेच्या गाळ्यांत शेवटी उतरणाऱ्याच्या बॅगा. परतीच्या फेरीत खारघर आधी आणि ठाणे शेवटी, म्हणजे ठाण्याच्या बॅगा कडेला आणि आधी भरायच्या. प्रत्येक हँडलला थांब्याचं टॅग लावा. पाम बीचवर डबल पार्किंगमध्ये उभं राहून सहा बॅगा उतरवून परत चढवण्यापेक्षा ते बरं.

खडखड थांबवायला पाइप आणि फळी यांच्या मध्ये ३ मिमी ईपीडीएम रबराची पट्टी टाका. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, घोडबंदरचे खड्डे तेवढ्यात ते ढिले करतात. जॅक, स्टेपनीचा पाना आणि अग्निशामक रॅकच्या मागे जाऊ देऊ नका. पंक्चर झालं की आधी सोळा बॅगा रस्त्यावर मांडाव्या लागतात.

---

खारघरकर

गणपतीत हीच गाडी कोकणात जाते. तेव्हा बॅगा नसतात, तांदळाच्या गोणी, टोपल्या, गॅसची शेगडी, असलं सामान. मधली फळी काढता आली पाहिजे.

---

रबाळे_वेल्ड

मधल्या मजल्याचे पाइप वेल्डऐवजी बोल्टवर आहेतच. बोल्टच्या जागी १० मिमीच्या पिना वापरा, बाहेरून आर-क्लिप (पिन निसटू न देणारी तारेची क्लिप). फळी दोन तुकड्यांत, प्रत्येकी ८०० ची, म्हणजे एक माणूस काढतो. जोड जिथे येतो तिथे खालून पुढे-मागे जाणारा एक आडवा पाइप घ्या, नाहीतर फळीची कड लोंबते. काढलेले पाइप गाडीत सुटे टाकू नका, जाळीला दोन क्लॅम्प लावून तिथेच उभे अडकवा. गोणी जाळीला भिडवूनच रचा आणि उंची सीटच्या पाठीच्या वर नेऊ नका. शेगडी नेत असाल तर सिलिंडर प्रवासी गाडीत घ्यायचा नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही.

आपत्कालीन दाराचं उत्तर कंपनीकडून आलं की ते पत्र आणि मापं इथे टाका. त्यावर शिड्यांची उंची ठरेल, तोवर पाइप कापू नका.